लाल शाईचा नवा करार घ्यावा का? एका छापखानेवाल्याचा अभिप्राय

आधी माल सांगतो, मग मजकूर. नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, मराठी, काळ्या रेक्झिनची बांधणी, पातळ बायबल पेपर, खूणेला एक लाल फीत, किंमत ४८० रुपये. येशूच्या तोंडचे शब्द लाल शाईत, बाकी सगळे काळ्या. डिसेंबरात आमच्या नगरला चर्चच्या आवारात पुस्तकांचा स्टॉल लागला होता, तिथे घेतला. प्रकाशकाचे नाव लिहीत नाही. एका प्रतीच्या दोषावरून कोणाच्या धंद्यावर बोट ठेवणे छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला शोभत नाही. आमच्या हातून काय काय सुटले आहे ते आम्हालाच ठाऊक.

चौतीस वर्षे छापखाना चालवला. सुरुवात ट्रेडलवर, खिळे जुळवून, शेवट ऑफसेटवर. बिलबुके, हँडबिले, मंडळीचे वार्षिक अहवाल आणि सीझनला लग्नपत्रिका. दोन रंगांचे काम काय डोकेदुखी असते ते लग्नपत्रिकांनी शिकवले. 'श्री गजानन प्रसन्न' लाल, खाली सगळे निळे. त्या एका ओळीसाठी तोच कागद पुन्हा मशीनमधून काढायचा, आणि केसभर सरकला की गजानन चौकटीवर चढलाच.

म्हणून पुस्तक हातात आल्यावर मी भक्तिभावाने नव्हे, भिंगाने वाचायला सुरुवात केली. मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायात, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनात, पाने जवळजवळ सगळी लाल आहेत. तिथे दोष कळत नाही. खरी परीक्षा एका ओळीत दोन्ही रंग येतात तिथे असते. 'येशू त्याला म्हणाला' काळे, पुढे लाल, मध्येच 'असे बोलून' काळे. या प्रतीत लाल थोडा वर चढला आहे, आणि आपल्या लिपीत ते लपत नाही, कारण शिरोरेघ तुटते. लूकमधला एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून दुमडलेली पाने, तर फिकटच निघाला आहे. नेमकी उधळ्या पुत्राची गोष्ट त्यात सापडली. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली ती अक्षरे कागदात विरघळतात. स्टॉलवाल्याला फोन केला तर म्हणाला, "काका, बिल घेऊन या, महिनाअखेरपर्यंत बदलून देतो." माणूस चांगला.

शिवण मात्र उत्तम. पुस्तक सपाट उघडते, पान सुटत नाही. कागद एवढा पातळ असून मागची छपाई फारशी पुढे येत नाही. छपाईला पाचपैकी तीन, बांधणीला साडेचार.

आता मजकूर. आणि इथेच मी अडकलो.

लाल अक्षरांची ही पद्धत काही जुनी नाही. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड'चे संपादक लुई क्लॉप्श यांना लूकच्या बाविसाव्या अध्यायातले वाचन करताना ती सुचली. 'हा प्याला माझ्या रक्तात नवा करार आहे' असे तिथे वाक्य आहे. रक्त लाल, तर शब्दही लाल छापू, असा सरळ हिशेब. १८९९ मध्ये नवा करार निघाला, १९०१ मध्ये अख्खे बायबल. आपल्याकडे पोथ्यांतही हिंगूळ वापरत, पण तो 'उवाच'ला, दंडाला, अध्यायसमाप्तीला. कोण बोलतो आहे ते लाल, काय बोलला ते काळेच. क्लॉप्श साहेबांनी उलटे केले. बोलणाऱ्याचे नाव काळे ठेवले आणि बोलणे लाल केले.

या एका युक्तीमुळे असे होते की पुस्तक न वाचताही काही गोष्टी दिसतात. अंगठ्याने पाने फरफर सोडा. मत्तय, मार्क, लूक, योहान ही येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने : लाल, लाल, लाल. प्रेषितांची कृत्ये : तुरळक शिंतोडे. मग रोमकरांस पत्र : सोळा अध्याय, लाल शून्य. गलतीकरांस शून्य. इफिस, फिलिप्पै, कलस्सै, थेस्सलनीका, इब्री लोकांस, पेत्र, यहूदा, सगळीकडे शून्य. शेवटी प्रकटीकरणात पुन्हा थोडे. सत्तावीस पुस्तकांपैकी माझ्या प्रतीत आठांतच लाल शाई लागली आहे. प्रेषित पौलाच्या नावावरच्या तेरा पत्रांपैकी दोनच पत्रांत, आणि तीही किती? करिंथकरांच्या पहिल्या पत्रात प्रभुभोजनाची दोन वचने, दुसऱ्यात 'माझी कृपा तुला पुरेशी आहे' एवढेच. मधल्या कितीतरी फर्म्यांना लाल प्लेट करावीच लागली नसणार. प्रकाशकाचा खर्च वाचला.

आता हे लक्षात घ्या की पौलाची पत्रे शुभवर्तमानांच्या आधीची आहेत. पौल लिहीत होता ते इसवी सन ५० च्या आसपासचे दशक. मार्कचे शुभवर्तमान अभ्यासक साधारण सन ७० च्या सुमाराला धरतात. म्हणजे बांधणीत जे आधी आहे ते लिहून झाले नंतर. छापखान्यात याचे नवल वाटत नाही. प्रस्तावनेचा फर्मा आम्ही शेवटी छापतो आणि पहिला बांधतो. पण वाचणाऱ्याला वाटते की आधी येशू बोलला, ते लिहिले गेले, मग पौलाने त्यावर टीप दिली. तसे नाही. पौलाने येशूला देहात कधी ऐकलेच नव्हते. त्याच्या पत्रांत गालीलचे तळे नाही, पेरणाऱ्याचा दाखला नाही, हरवलेले मेंढरू नाही. आहे तो वधस्तंभ आणि पुनरुत्थान. रविवारी उभे राहून आम्ही विश्वासाचा अंगीकार म्हणतो त्यातही तेच : 'कुमारी मरीयेपासून जन्मला', आणि लगेच 'पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगले'. मधले सगळे आयुष्य, म्हणजे या पुस्तकाची सगळी लाल शाई, एका स्वल्पविरामात बसवली आहे.

लाल मजकुरात येशू कशाबद्दल बोलतो? मार्कमधले पहिलेच लाल वाक्य देवाचे राज्य जवळ आल्याचे आहे, आणि पुढे तेच चालते. 'मंडळी', म्हणजे चर्च, हा शब्द चारही शुभवर्तमानांत फक्त मत्तयात, तोही दोनच वचनांत. 'ख्रिस्ती' हा शब्द तर त्याने ऐकलाही नसेल. तो नंतर अंत्युखियात निघाला, असे कृत्यांच्या अकराव्या अध्यायात लिहिले आहे. तो स्वतः शब्बाथ दिवशी सभास्थानात जाणारा यहूदी माणूस. नियमशास्त्रातला काना-मात्राही ढळणार नाही, असे त्याने सांगितले, तेही लालच आहे. (प्रूफ वाचणाऱ्याने हे वचन टेबलासमोर लावून ठेवावे.) आल्फ्रेद लोआझी या फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूने १९०२ मध्ये लिहिले की येशूने राज्याची घोषणा केली, आणि आली ती मंडळी. पुढे सहा वर्षांनी मंडळीने त्यांना बाहेर काढले.

इथपर्यंत वाचून मला वाटले, झाले, माझा निकाल लागला. माणूस वेगळा आणि धर्म वेगळा. लाल घ्यावे, काळे सोडावे.

हे मलाच सुचले असेही नाही. १८२० साली, एकाच वर्षात, दोन माणसांनी पृथ्वीच्या दोन टोकांना हेच केले. अमेरिकेत थॉमस जेफर्सन, म्हातारपणी, अध्यक्षपद सोडून अकरा वर्षे झालेली. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी नव्या करारांच्या प्रती पात्याने कापून हवी ती वचने चार रकान्यांत चिकटवीत होते. चमत्कार गेले, पुनरुत्थान गेले. त्यांचे पुस्तक कबरेवर धोंडा लोटून संपते. कलकत्त्यात राजा राममोहन रॉय यांनी येशूच्या उपदेशाची वचने वेगळी काढून पुस्तक छापले. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांना वाटले होते, बाबू आता बाप्तिस्मा घेणार. पुस्तक पाहून ते भडकले. जोशुआ मार्शमन यांनी टीका केली, रॉय यांनी उत्तर दिले, पुन्हा टीका, पुन्हा उत्तर. दोन उत्तरे बॅप्टिस्ट मिशन प्रेसने छापली. तिसरे छापायला नकार दिला. तेव्हा रॉय यांनी १८२३ मध्ये स्वतःचा छापखाना घातला आणि त्यात छापले. मला तर या सगळ्या वादात हेच पान सर्वांत आवडते. गिऱ्हाईक परत पाठवले तर ते मशीन विकत घेते, हा अनुभव आहे.

आणि नगरकराने नारायण वामन टिळकांना विसरून कसे चालेल? १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी. आमच्या उपासनेत आजही त्यांची भजने असतात. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही चालणार होते. म्हणजे ख्रिस्त हवा, पण मिशनच्या हजेरीपटावरच हवा असे नाही. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार वाढायचा राहिला.

तर अशा मोठ्या लोकांच्या पंगतीत मी भिंग घेऊन बसलो होतो. पण भिंगच आडवे आले.

मार्कचा सातवा अध्याय काढा. हात न धुता जेवण्यावरून वाद आहे. येशू म्हणतो, बाहेरून आत जाणारे माणसाला विटाळत नाही, ते पोटात जाते आणि बाहेर टाकले जाते. हे लाल. एकोणिसाव्या वचनाच्या शेवटी अर्धी ओळ : असे बोलून त्याने सर्व अन्न शुद्ध ठरवले. हे काळे. पुढे पुन्हा लाल. ही अर्धी ओळ लिहिणाराची आहे. पण जुन्या इंग्रजी भाषांतरात तीच येशूच्या वाक्याला जोडून येते, आणि लाल छापायची झाली तर लाल होते. आता, त्याने खरोखर असे स्पष्ट सांगितले असते तर कृत्यांच्या दहाव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र 'मी निषिद्ध काही कधी खाल्ले नाही' म्हणून का अडला? अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीवरून पौल आणि पेत्र तोंडावर का भांडले? 'प्रभूने सांगितले आहे' एवढे म्हटले की मिटले असते.

दुसरे, योहान ३:१६. 'देवाने जगावर एवढी प्रीती केली...' हे वचन पाठ नसलेला ख्रिस्ती माणूस मिळणार नाही. माझ्या प्रतीत ते लाल आहे. पण पंधराव्या वचनालाच येशूचे बोलणे संपवून सोळावे काळे छापणाऱ्या आवृत्त्याही आहेत. कारण मूळ ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हेच नाहीत. दोन शब्दांत जागासुद्धा नाही, मोडीसारखे सलग. बोलणे कुठे संपले आणि लिहिणाऱ्याचे सुरू कुठे झाले, हे नंतरच्या संपादकाने ठरवायचे. म्हणजे सर्वांत पाठ असलेल्या वचनाचा रंग एका टेबलावर ठरतो.

शिवाय येशू बोलत होता अरामी, लिहिले गेले ग्रीकमध्ये. 'तलीथा कूम', 'अब्बा' असे चार-दोन शब्द मूळचे शिल्लक आहेत, बाकी लाल मजकूर आधीच भाषांतर आहे. अमेरिकेत १९८५ पासून अभ्यासकांचा एक गट रंगीत मणी टाकून एकेका वचनावर मते घेत असे. लाल, गुलाबी, करडा, काळा. चार रंगांचे काम! शंभरातली ब्याऐंशी वचने त्यांनी येशूची नव्हेत असे ठरवले. मतदानाने शाई ठरवायची ही रीत मला काही पटली नाही, पण निदान त्यांनी आपण ठरवतो आहोत हे लपवले नाही. इथे छापलेला लाल रंग ते लपवतो.

उलटही आहे. याकोबाच्या पत्रात, ५:१२ ला, शपथ वाहू नका, तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या, असे येते. हेच मत्तयाच्या पाचव्यात लाल आहे. याकोब मंडळीत 'प्रभूचा बंधू' म्हणून ओळखला जाई. पत्र त्याचेच धरले तर घरातलीच गोष्ट. पण त्याने 'प्रभू म्हणाला' असे लिहिले नाही, म्हणून काळे. आणि 'घेण्यापेक्षा देणे यात जास्त धन्यता आहे' हे लाल वाक्य चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. ते कृत्यांत पौलाच्या भाषणात, इफिसच्या वडिलांपुढे, कुठून तरी आले आहे. काळ्याने लाल जपून ठेवले, असे म्हणायचे.

बुधवारी आमच्याकडे घरगुती शास्त्राभ्यास असतो. पाच-सहा घरे, चहा, पाळकसाहेब. मी लाल-काळ्याचा हिशेब मांडला तर साहेब हसले. "काका, तुम्ही मत्तयाचा पंधरावा वाचा बरं मोठ्यानं. फक्त लाल वाचा."

वाचले. सोर-सीदोनच्या बाजूची कनानी बाई, मुलीला बरे करा म्हणून मागे लागली आहे. लाल : इस्राएलच्या घराण्यातल्या हरवलेल्या मेंढरांशिवाय दुसऱ्या कोणाकडे मला पाठवलेले नाही. ती पाया पडते. लाल : मुलांची भाकर घेऊन घरच्या कुत्र्यांना घालणे ठीक नाही.

माझा आवाज बसला. लाल अक्षरात हे आहे. आमची आजी 'वाढ गं माय' म्हणत दुसऱ्याच्या दारात उभी राहिलेली बाई. तिला भाकर वरून टाकत. हात लागू नये म्हणून. हे वाक्य तिने कसे ऐकले असेल कोण जाणे.

"आता काळं," साहेब म्हणाले.

काळे : होय प्रभू, पण कुत्रीसुद्धा धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा खातात.

आणि मग लाल बदलतो. बाई, तुझा विश्वास मोठा. मुलगी बरी होते. अख्ख्या नव्या करारात येशूला बोलण्यात कोणी मागे सारले असेल तर ते या परदेशी बाईने, आणि तिचे वाक्य काळ्यात आहे, कारण ते तिचे आहे.

साहेबांनी एवढ्यावर सोडले नाही. गलतीकरांस पत्र, तिसरा अध्याय, अठ्ठाविसावे वचन काढायला लावले. यहूदी नाही, हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) नाही. दास नाही, स्वतंत्र नाही. पुरुष नाही, स्त्री नाही. पौल. शुद्ध काळे. नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांतून आमचे पूर्वज मिशनच्या दारात आले ते कशावर? डोंगरावरच्या प्रवचनावर आले असतील, दवाखाना-शाळेवरही आले असतील. पण आमच्या घरात पणजोबांची म्हणून जी ओळ सांगतात ती हीच आहे. ही येशूने म्हटलेली नाही. पौलाने म्हटली, आणि ती म्हणण्यासाठी पेत्राशी, याकोबाच्या माणसांशी भांडून म्हटली. तोच पौल बायकांनी मंडळीत गप्प बसावे असेही लिहितो, ही गोष्ट वेगळी. आमच्या हिने त्या ठिकाणी नेहमीप्रमाणे घसा खाकरला.

तेव्हा माझा निकाल असा. होय, गालीलचा गुरू आणि पुढे झालेला धर्म यांत फरक आहे, आणि ही प्रत तो जितक्या झटकन दाखवते तितका कोणी प्रवचनकार दाखवत नाही. पण फरक म्हटला की पहिले चांगले आणि दुसरे बिघडलेले, असे मी धरून बसलो होतो ते या लाल शाईने बसू दिले नाही. धर्ममत ठरवणारी नायकियाची परिषद ३२५ ची, तिथला सम्राट, मग गाद्या, इस्टेटी, जातीवार बाकडी. त्या धर्माबद्दल मला प्रेम नाही. पण त्याच्या आधीचा, भांडत भांडत दार उघडणारा काळा मजकूर नसता तर आम्ही मेजाखालीच राहिलो असतो.

घ्यायची असेल त्यांना सूचना : पहिलेच बायबल म्हणून ही प्रत घेऊ नका, सवय चुकीची लागते. घरात एक साधी काळी प्रत असेल तर जोडीला जरूर घ्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले आणि मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच जुळवलेले भाषांतर कोणाकडे असेल तर शेजारी ठेवून ताडून पाहा, मजा येते. घेताना स्टॉलवरच मार्कचा सातवा अध्याय उघडून एकोणिसाव्या वचनाची शिरोरेघ बघा. तिथे रंग जुळला असेल तर बाकी पुस्तक बरे. लूकचा पंधरावा उजेडात धरा. लहान मुले असतील तर फीत आधीच गाठ मारून ठेवा, तिचे दोरे निघतात.

माझी प्रत बदलून आणायची होती. शनिवारी बिल शोधले, पिशवी काढली, पुस्तक उघडून फिकट फर्म्याला कागदाची खूण घालायला गेलो, तर मत्तयात फीत अडकवलेली. पंधरावा अध्याय, सत्ताविसावे वचन. त्या बाईच्या काळ्या वाक्याखाली आमच्या हिने नातवाच्या लाल पेन्सिलीने, चांगली दाबून, रेघ ओढून ठेवली होती. आता कोण बदलून देणार?